टीव्ही आडवा घेऊ नये

माणसाचं किती थोडक्यात भागतं, हे बघायला लोक लांबून सेवाग्रामला येतात. बापूकुटीत शिरण्याआधी चपला काढतात, मातीच्या भिंतीकडे आदरानं बघतात, चटई आणि बैठं मेज पाहून हळहळतात. मग बाहेर येऊन ‘आपल्यालाही असं राहता आलं पाहिजे’ असं म्हणत चहा पितात. आम्ही पडलो गावातले. आम्हाला हे रोजच दिसतं, म्हणून आम्ही ५५ इंची टीव्ही घेतो.

तो विकत घेणं मुळीच अवघड नाही. हप्ते आहेत, एक्स्चेंज आहे, दिवाळीची सूट आहे. अवघड आहे ते त्याला घरी आणणं. घ्यायला एक माणूस आणि एक फोन पुरतो. आणायला मात्र एक गाडी लागते, चार माणसं लागतात, दोन गोधड्या लागतात आणि ज्यानं पूर्वी कधीतरी असा टीव्ही आणलेला आहे असा एक मेव्हणा लागतो. सल्लागार वेगळे सांगावे लागत नाहीत, ते रस्त्यात भेटतात.

तुम्ही म्हणाल, कंपनी घरपोच देते की. देते ना! पण ही गोष्ट २०२३च्या दिवाळीनंतरची. १९ नोव्हेंबरला, रविवारी, अहमदाबादला विश्वचषकाची फायनल. आपण सेमीफायनल जिंकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पुतण्याला घरातला टीव्ही एकाएकी लहान दिसू लागला. दुकानदार म्हणाला, सोमवारी घरी येईल. रविवारची मॅच सोमवारी आलेल्या टीव्हीवर बघायला आमचा पुतण्या काही संत नव्हे.

शिवाय घरपोच या प्रकारावर सेवाग्रामचा विश्वास मुळातच बेताचा, आणि त्याला इतिहास आहे. गावाचं जुनं नाव शेगाव. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले आणि त्यांच्या नावानं टपालाची रीघ लागली. त्यातलं बरंचसं टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या, गजानन महाराजांच्या शेगावी जाऊन पडू लागलं. शेवटी १९४० साली गावाचंच नाव बदलून सेवाग्राम करावं लागलं. जिथे महात्म्याची पत्रं वाट चुकली, तिथे आमचा टीव्ही सांगितल्या दिवशी येईल यावर कुणी विसंबावं? बरं, आजही सामान घेऊन येणाऱ्या मुलाला गावात एकच खूण ठाऊक असते. तो फोनवर म्हणतो, “सर, आश्रमाच्या गेटवर उभा आहे, इथेच या.” आता फायनलच्या आदल्या दिवशी बापूकुटीच्या दारात उभं राहून ५५ इंची टीव्ही उतरवून घ्यायचा, हे बरं दिसत नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी पुतण्या, त्याचा मेव्हणा, त्या मेव्हण्याचा मित्र आणि ‘काका, तुम्ही नुसते बसा’ या अटीवर मी, असे नागपूरला निघालो. गाडीत माणसं चार होती. परतताना आणखी एक जण येणार आहे आणि त्याला मागची अख्खी सीट लागणार आहे, हा हिशेब सीताबर्डी येईपर्यंत कुणीच केला नव्हता.

टीव्हीचा इंच तिरका असतो. ५५ इंच म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पायथागोरसचा आयुष्यात काय उपयोग, असं विचारणाऱ्या पोरांना मास्तरांनी थेट टीव्हीच्या दुकानात न्यावं. कर्ण ५५ असला की रुंदी साधारण ४ फूट आणि उंची सव्वादोन फूट भरते. हा झाला नुसता टीव्ही. त्याला थर्माकोल आणि खोकं चढलं की तोच साडेचार फूट लांब, पावणेतीन फूट उंच आणि अर्धा फूट जाड होतो. वजन म्हणाल तर पंधरा-सोळा किलो. एकट्यानं सहज उचलावा इतका हलका, पण कवेत मावेल तर शपथ. हात पुरत नाहीत आणि पुरले तरी पुढचं दिसत नाही.

पुतण्याची गाडी लहान. मागच्या सीटवर या दारापासून त्या दारापर्यंत जागा सव्वाचार फुटांच्या आसपास. म्हणजे खोकं तिथे मावत नाही. डिक्की उघडून मागची सीट पाडली तर मावतं, पण उभं नाही, आडवं. आणि खोक्यावर बाण काढलेले असतात, काचेच्या पेल्याचं चित्र असतं, आडव्या टीव्हीवर फुली मारलेली असते. एवढं करूनही माणूस ऐकणार नाही याची खात्री असल्यामुळे हेच चित्र खोक्याच्या दुसऱ्या बाजूलाही छापतात.

आता फुटपाथवर सभा भरली. आपल्याकडे मोठं खोकं गाडीशी झटताना दिसलं की जाणारा माणूस थांबतोच. पानठेल्यावरचा एक जण आला. “आडवा टाकून घ्या ना जी, काही होत नाही.” दुसरा म्हणाला, “खाली गादी टाका, मंग आडवा टाका.” तिसऱ्याच्या साळ्यानं असाच आडवा नेला होता. त्याचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. “काही नाही, पॅनल गेलं,” तो शांतपणे म्हणाला, “पण गाडीत बराबर बसला होता.”

चौथा टपाचा पुरस्कर्ता होता. टपावर ठेवा आणि दोन्ही खिडक्यांतून दोरी घेऊन आवळून बांधा. त्याच्या योजनेत खोकं पक्कं बसत होतं यात शंका नाही. फक्त गाडीची दारंही बांधली जात असल्यामुळे चालकानं आत कसं शिरायचं, एवढाच मुद्दा राहत होता. शिवाय वाऱ्याच्या तोंडावर साडेचार फुटांचा पुठ्ठा धरून हायवेला ऐंशीनं जाणं हे वाहतुकीपेक्षा विमानविद्येत जास्त मोडतं.

आडवा का नेऊ नये, हे मेव्हण्याला बरोबर माहीत होतं, पण फुटपाथवरच्या गलक्यात त्याचं कुणी ऐकेना. म्हणून इथे सांगतो. या टीव्हीचा पडदा म्हणजे काचेचे दोन पत्रे. एकेक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पापडापेक्षाही पातळ. ते धरलेले असतात फक्त चारी कडांना. उभा असला की काचेचं वजन तिच्या कडेवर येतं, आणि काच कडेवर बरंच सोसते. आडवा केला की मधला भाग अधांतरी लोंबतो, आणि खड्डा आला की तो झोळीसारखा खालीवर होतो. खाली गादी टाकली तर आणखी वाईट, कारण गादी मध्ये दबते आणि टीव्हीही तिच्याबरोबर वाकायला बघतो. काचेच्या मागे उजेड सगळीकडे सारखा पसरवणारे पातळ पडदे असतात, एलईडींच्या पट्ट्या असतात, आणि पट्टीवरच्या प्रत्येक दिव्याला एक टिकलीएवढं भिंग चिकटवलेलं असतं. हिसक्यानं असं भिंग निखळलं की पडद्यावर तेवढ्यापुरता पांढरा डाग कायमचा. कडेला केसासारख्या बारीक तारांच्या पट्ट्या काचेला डकवलेल्या असतात, आणि आपण ‘नीट धर’ असं ओरडून नेमका तिथेच अंगठा दाबतो. एवढं झालं की पडद्यावर रंगीत उभ्या रेघा उमटतात. दुरुस्तीवाला येतो, बघतो आणि पॅनलचा खर्च सांगतो. तो ऐकल्यावर माणूस पुन्हा दुकानाकडे वळतो.

जुन्या डबा टीव्हीचे असले लाड नव्हते. त्याच्या तोंडाची काच बोटभर जाड, अंगात सगळा जोर पुढच्या बाजूला, आणि २९ इंची असेल तर वजन चाळीस किलोच्या घरात. १९८७च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि खेडोपाडी जो तो टीव्ही आणायला निघाला. ते टीव्ही बंडीतून आले, एसटीच्या टपावरून आले, सायकलच्या कॅरिअरवरून आले. उतरवणाऱ्याची कंबर मोडली, टीव्ही शाबूत राहिला. आता उलट आहे. टीव्ही जसजसा पातळ होत गेला तसतसा त्याचा मान वाढत गेला.

खरं म्हणजे वस्तू नेण्याच्या शास्त्रात सेवाग्रामनं कुणाकडून शिकावं असं काही नाही. आश्रमात बापूंच्या दप्तरात, म्हणजे कचेरीत, एक लाकडी चिमटा आणि एक पिंजरा ठेवलेला आहे. आश्रमात साप निघाला की त्याला न दुखवता चिमट्यानं उचलायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि लांब नेऊन सोडायचा. नाजूक माल, धोक्याचा माल, घरपोच सुटका. शेजारी टेलिफोन आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोंना गांधीजींशी बोलता यावं म्हणून तो इथे बसवला होता. दिल्लीहून सेवाग्रामपर्यंत व्हाइसरॉयचा आवाज खड्डे न लागता यायचा.

आणि चरखा! येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी चरख्याला अशी घडी घातली की मिटला की तो एक पेटी होतो. कडी लावा, हातात धरा आणि आगगाडीत बसा. त्याच्याही आधी, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरखा करून देणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, इकडून तिकडे नेता आला पाहिजे. खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालला पाहिजे. बाईला त्यावर फारसे श्रम न होता सलग आठ तास काम करता आलं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि चरखा वीस वर्षं टिकावा. बक्षीस कुणाच्याच पदरात पडलं नाही.

याच अटी आमच्या टीव्हीला लावून पाहा. सलग आठ तास विनाश्रम? पहिल्या वर्गात पास. बाईलाच काय, बुवालाही. झोपडीत चालावा? चालतो, हप्ते भरले की. वीस वर्षं टिकावा? वॉरंटी कार्डावर वर्षाचा आकडा बघा आणि गप्प बसा. राहता राहिली पहिली अट. हलका तर हवाच आणि नेताही आला पाहिजे. हलका असून नेता न येणारी वस्तू चरखा संघाच्या स्वप्नातही आली नसेल.

फुटपाथवरच्या सभेतून निष्पन्न झालं ते एवढंच. खोक्यात ठेवला तर टीव्ही गाडीत मावत नाही, आणि गाडीत मावतो तेव्हा तो खोक्यात नसतो. छोटा हत्ती, म्हणजे मालाचा लहान टेम्पो, करावा, असा एक विचार आला. पण त्याचं सेवाग्रामपर्यंतचं भाडं ऐकल्यावर, ज्या सवलतीसाठी वर्धा सोडून नागपूरला आलो ती सवलत छोट्या हत्तीवर बसून चाललेली दिसू लागली. शेवटी मेव्हण्यानं निर्णय दिला: खोकं उघडायचं, दुकानातच चालू करून बघायचं, मग उघडाच न्यायचा. दुकानातला माणूस म्हणाला, सील तोडल्यावर आमची जबाबदारी नाही. सील न तोडता त्याची जबाबदारी नेमकी काय होती, हेही त्यानं कुठे सांगितलं नव्हतं.

पुढचं काम मात्र बघण्यासारखं झालं. टीव्ही दोघांनी धरला. एक हात खालच्या कोपऱ्याखाली, दुसरा पाठीवर, पडद्याला बोट नाही. घरून आणलेली गोधडी पडद्यावरून घेतली. सुतळी नाही, चिकटपट्टी नाही, नुसती गुंडाळी. मागच्या दारातून तो सरळ उभा आत सरकवला, सीटवर टेकवला, पडदा सीटच्या पाठीकडे. पुढच्या दोन्ही सीटा मागे घेऊन त्याच्या पाठीशी भिडवल्या आणि मध्ये उशा कोंबल्या. मेव्हण्याच्या मित्रानं सीटबेल्ट लावायला घेतला. “आवळू नको बे,” मेव्हणा ओरडला, “पोटावर नको, बाजूनं घे!” इतक्या काळजीनं आमच्या घरात कधी कुणाला बेल्ट लावलेला मला आठवत नाही. रिकामं खोकं आणि थर्माकोल डिक्कीत गेलं, तेही पाडलेलं, दुमडलेलं. मग लक्षात आलं की मागे बसायला जागा उरलेली नाही. मेव्हणा आणि मित्र, ज्यांना सगळं कळत होतं, ते एसटीनं निघाले. ज्यांना काही कळत नव्हतं ते, म्हणजे मी आणि पुतण्या, टीव्हीबरोबर राहिलो.

नागपूर ते सेवाग्राम पाऊणशे किलोमीटर. बुटीबोरी, केळझर, सेलू, पवनार. हायवे चांगला आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. नावं ठेवायची ती ब्रेकरला. ब्रेकर दोन जातींचे असतात. एक सरकारी, पांढरे पट्टे ओढलेला आणि आधी पाटी लावलेला. दुसरा गावकऱ्यांनी कुणाच्या तरी अपघातानंतर रातोरात घातलेला, मुरमाचा. तो आधी चाकाला दिसतो आणि मग माणसाला. मी मागे वळून एक हात गोधडीवर ठेवून बसलो होतो. पुतण्या समोर बघत होता आणि आमच्यात एवढंच संभाषण होतं. “ब्रेकर!” “दिसला.” “हळू.” “हळूच आहे, काका.” आम्ही चाळीसनं चाललो होतो. ट्रक पुढे गेले, ट्रॅक्टर पुढे गेले, एका दुचाकीवरून नवरा, बायको, दोन पोरं आणि मागच्या पोराच्या मांडीवर आडवं धरलेलं एक मोठं आरशाचं कपाट पुढे गेलं. त्या पोरानं आमच्याकडे बघून हातसुद्धा हलवला.

मोटार आणि सेवाग्राम यांचं पूर्वीपासूनच बेताचं. पूर्वी इथला रस्ता असा होता की जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्डला बैल जुंपून पाहुणे आणत आणि त्या वाहनाला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, अशी गोष्ट सांगतात. टीव्ही आणायला तेच वाहन सगळ्यात बरं. बैल खड्डा बघून पाय टाकतो आणि त्याला मागून हॉर्न वाजवला तरी फरक पडत नाही. पवनारला धाम नदी लागली तेव्हा विनोबा आठवले. भूदानासाठी हा माणूस वर्षानुवर्षं पायी देश फिरला. त्यांना ते का जमलं, हे त्या वेळी मला नीट उमगलं. त्यांच्या सामानात उभं धरायचं असं काही नव्हतं.

गावात शिरलो तेव्हा मेव्हणा आमच्या ओट्यावर चहा पिऊन कप खाली ठेवत होता. एसटी केव्हाच पोचली होती. टीव्ही उतरवायला गल्ली जमली. शेजारच्या आजींनी गोधडीकडे बघून विचारलं, “कोण आजारी हाय, बाप्पा?” टीव्ही आत गेला, गोधडी निघाली, पडद्यावर ओरखडासुद्धा नाही. मेव्हण्यानं सगळ्यांकडे असं बघितलं की कुणीतरी त्याचा सत्कार करणं भागच होतं.

मग कळलं की टीव्ही ठेवायला जागा नाही. भिंतीवर बसवणारा माणूस कंपनीचा, तो येणार सोमवारी. तोवर टीव्ही त्याच्या दोन पायांवर उभा करायचा. हे पाय टीव्हीच्या दोन टोकांना असतात आणि आमचं टेबल डबा टीव्हीच्या काळातलं, जेमतेम दोन फुटांचं. शेवटी दोन स्टुलांवर एक फळी टाकली, फळीवर टीव्ही ठेवला, आणि लहान मुलांना त्या खोलीत पळायला बंदी झाली. खोक्याचं काय करायचं, यावर मात्र एकमत होतं: माळ्यावर टाकायचं. उद्या बदली झाली तर लागेल. सेवाग्रामात मेडिकल कॉलेजच्या क्वार्टरांमधून दर वर्षी कुणी ना कुणी बदलून जातं, त्यामुळे गावातल्या माळ्यांवर टीव्हीच्या रिकाम्या खोक्यांची मोठी वस्ती आहे. बदली होते तेव्हा माणूस माळ्यावर चढतो आणि बघतो तर थर्माकोल उंदरांनी नेलेला असतो, कोपऱ्याचा तुकडा मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये किल्ला झालेला असतो आणि उरलेल्या पुठ्ठ्यावर कुणीतरी पापड वाळवलेले असतात.

रविवारी मॅच झाली. भारत २४०. मग ट्रॅव्हिस हेड आला आणि त्यानं १३७ केल्या, तेही आमच्या डोळ्यांसमोर, चार फूट रुंदीत, एकेका घामाच्या थेंबासकट. ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून जिंकली. घरात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्या वहिनी म्हणाल्या, “सेमीफायनल जुन्या टीव्हीवर पाहिली तं जिंकलो होतो.” आणि सगळी खोली पुतण्याकडे वळली. देशाच्या पराभवाची जबाबदारी इतक्या नेमकेपणानं निश्चित झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

१९७८ साली इव्हान इलिच नावाचा मोठा विचारवंत सेवाग्रामला आला होता. बापूकुटीत बसून त्याला जे सुचलं ते त्यानं इथेच एका भाषणात सांगितलं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की माणूस घरात जमवतो ते सामानसुमान म्हणजे पांगळ्याच्या कुबड्या. ऐकायला बोचतं, पण पटतं. फक्त त्यानं कुबड्यांचा हा नवा प्रकार बघितला नव्हता. कुबडी घेतली की माणूस निदान चालायला लागतो. ही कुबडी अशी की तिला चालवायला चार माणसं लागतात, आणि ती एकदा जागेवर बसली की ती चारही माणसं चालायची थांबतात.

तेव्हा कुणी टीव्ही आणणार असाल तर मेव्हण्याचे नियम लिहून ठेवा. खरेदीआधी गाडीची मागची सीट मापा, आणि टीव्हीचं नव्हे, खोक्याचं माप विचारा. दोघांनी उचला, खालून धरा, पडद्याला हात लावू नका. सुतळी आवळू नका, वर काही ठेवू नका. पायांचे स्क्रू पिशवीत घालून पिशवी खिशात ठेवा, डिक्कीत नाही. आणि पानठेल्यावरून कुणी कितीही आपुलकीनं सांगो, टीव्हीला वाटेत क्षणभरही आडवा होऊ देऊ नका. त्यानं आयुष्यभर उभंच राहायचं असतं. आडवं पडायचं काम, तो घरी पोचला की, आपलं.